दाराबाहेरची फुंकर

नोंग सेंग गावात मरायचं असेल तर आधी बुनलाय गावात आहे ना, हे बघून मरावं, असं लोक म्हणत. विहारामागच्या दहनघरात प्रेतं जाळायचं काम त्याचं. हे काम दारू ढोसून करणारे आजूबाजूला चिकार होते. बुनलाय मात्र अंघोळ करून, शुद्धीत यायचा आणि काम करताना मेलेल्या माणसाशी बोलायचा. "आजी, मान जरा इकडे करा. हां, झालं. आता काही त्रास नाही." ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारी आता 'बरं बाबा' म्हणेल.

सगळ्यात शेवटी तो नारळ फोडून त्याचं पाणी मेलेल्याच्या चेहऱ्यावरून ओतायचा. ओढ्याच्या पाण्यात म्हशी बसतात, विहिरीच्या पाण्याला दहा जणांचे हात लागतात. नारळातल्या पाण्याला मात्र कोणीही शिवलेलं नसतं. म्हणून शेवटची अंघोळ त्याची. बुनलाय नेहमी दोन नारळ आणायचा, एखादा नासका निघाला तर ऐनवेळी पंचाईत नको. पहिला सहसा चांगलाच निघायचा, आणि दुसरा तो दहनघराच्या पायरीवर बसून स्वतः प्यायचा. चैन म्हणाल तर त्याच्या आयुष्यात एवढीच होती.

प्रेतं जाळणाऱ्याला मुलगी कोण देणार? तो थोरल्या बहिणीबरोबर राहायचा. तिचं नाव खामपेंग, पण सारा गाव तिला पेंगअक्का म्हणायचा. आई गेली तेव्हा बुनलाय रांगत होता आणि पेंग जेमतेम बारा वर्षांची होती. चिकट भाताचा घास ती आधी स्वतः चावून मऊ करायची आणि मग त्याच्या तोंडात घालायची. असा तो तिच्या तोंडचं खाऊन वाढला. पुढे तिला स्थळं आली, तीही तिने उडवून लावली. "एक पोर पोसलंय तेवढं पुरे," असं म्हणायची.

अक्काचीही एक विद्या होती. ती फुंकर घालायची. कोणाला भाजलं, नागीण उठली, विंचू डसला की लोक आधी तिच्याकडे धावत. ती विडा चघळत मंत्र पुटपुटायची आणि तोंडातला लाल तुषार दुखऱ्या जागेवर फुंकायची. अर्ध्या गावाच्या अंगावर तिचा विडा उडालेला होता, आणि बरं वाटलं नाही असं तिच्या तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती.

बुनलायने पन्नाशी गाठली आणि त्याचे पाय सुजायला लागले. त्याने आधी चपलांना दोष दिला, मग उन्हाला. अक्काने महिनाभर पायांवर फुंकून पाहिलं. शेवटी जिन्याच्या चार पायऱ्या चढताना त्याला धाप लागली, तेव्हा तिनेच त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पूर्वी गरीब माणूस आजारी पडला की आधी गोठ्याकडे बघायचा. म्हैस असेल तर औषध, नसेल तर अक्काची फुंकर. मग ते सोनेरी कार्ड आलं. होतं साध्या कागदाचंच, पण लोक सोनेरी म्हणायचे आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवायचे. तीस बात, म्हणजे आमचे थाई रुपयेच, द्यायचे, की बाळंतपण असो नाहीतर पोटाचं ऑपरेशन, बाकीचं सरकार बघायचं. पुढे पुढे ते तीसही कोणी मागेना. पण मूत्रपिंड गेलं की कार्डाचा हात आखडायचा. रक्त धुवायच्या यंत्रावर जायचं तर ज्याने त्याने आपल्या खिशातून. गावातला ट्रक चालवणारा सोमलुक असाच आजारी पडला होता. त्याने आधी म्हशी विकल्या, मग शेत विकलं, आणि शेताचा पैसा पुरला तेवढे दिवस तो यंत्रावर जगला. मग तो बुनलायकडे आला, म्हणजे आणला गेला. त्याच्या चेहऱ्यावर नारळाचं पाणी बुनलायनेच ओतलं होतं.

त्यामुळे डॉक्टरांना त्याने काहीच विचारलं नाही. घरी आला, विहारात गेला आणि दहनघर झाडून काढलं.

"शेत विकू," अक्का म्हणाली.

"आणि तू काय खाशील? माझी राख?"

"मला खायला घालायची काळजी तू करू नकोस. तुझं काम मला जाळायचं. माझ्याआधी मेलास तर थोबाड फोडीन तुझं!"

"मेल्यावर फोडणार?"

"हसतोस काय मेल्या! तू गेल्यावर मला कोण जाळणार, सांग ना. तो पलीकडच्या गावचा दारुडा सोमदी? मागच्या खेपेला त्याला डोकं कुठलं नि पाय कुठले ते कळेना! मी त्याच्या हाताने जायची नाही. सांगून ठेवते."

एवढं बोलून ती जिन्यात बसून रडली. आयुष्यभर तिने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मागणं एकच होतं: ज्या पोराला आपण तोंडचा घास भरवला, त्याच्या हाताने आपला चेहरा धुतला जावा. आणि नेमकं तेच आता हातचं चाललं होतं.

नवं वर्ष लागलं त्याच आठवड्यात इस्पितळातली नर्स रत्तिया स्कूटरवरून घरी आली. गोल चेहऱ्याची, भरभर बोलणारी पोरगी. आल्या आल्या म्हणाली, "बुनलायकाका, कार्ड कुठंय? बाहेर काढा. आता मूत्रपिंडाचंही त्यात बसवलंय."

"यंत्र?"

"यंत्र नाही, पिशवी. पोटात एक बारीक नळी बसवायची. पिशवीतलं औषधी पाणी त्या नळीतून पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग बाहेर काढायचं. घाण त्याच्याबरोबर निघून जाते. दिवसातून चार वेळा, घरच्या घरी, तुमच्या तुम्ही."

"किती पडतील?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे किती?"

"अहो काका, काही नाही म्हणजे काही नाही! पिशव्यासुद्धा घरपोच येतील, पोस्टाने."

बुनलायने अक्काकडे पाहिलं. अक्काने रत्तियाकडे असं पाहिलं जणू ती काहीतरी विकायला आली आहे. पण पोरगी खरं बोलत होती.

फक्त खोली स्वच्छ हवी होती. आमची घरं खांबांवर, खाली कोंबड्या आणि कुत्री, वर फटींतून येणारी धूळ. शिवाय कोणी आजारी पडलं की सगळा गाव येऊन उशाशी बसतो. न येणं म्हणजे वैर. रत्तिया म्हणाली, खोलीत बुनलाय आणि हाताखाली एक माणूस, तिसरं कोणी नको, दार बंद, पंखा बंद. हे ऐकून गावाला जरा राग आला, पण राग गिळून लोकांनी घराखालची जागा बांधून काढली. ज्यांच्या आईबापांना बुनलायने नीट पोचवलं होतं ते सिमेंट घेऊन आले. मोठ्या भंतेंनी दहनघराच्या उरलेल्या पांढऱ्या फरश्या पाठवल्या.

"म्हणजे आता मी घरीसुद्धा दहनघरातच," बुनलाय म्हणाला.

"सवय राहील तुला," गवंड्याने उत्तर दिलं.

पोस्टाची गाडी आली तेव्हा रस्त्यावर गर्दी जमली. खोकी उतरत होती, उतरतच होती. पोस्टमनने सही घेतली आणि म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यात परत येतो." बुनलायने आधी त्याला हात जोडले, मग गाडीला जोडले. लोक हसले. त्याला हसू आलं नाही. सोमलुकला हे पाणी मिळालं असतं तर, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

इस्पितळात बुनलायच्या पोटात नळी बसवली आणि शिकायला दोघांनाही बोलावलं. तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हात धुवायचे, नळीचं टोक उघडून पिशवीला जोडायचं. रत्तिया पुन्हा पुन्हा बजावत होती, "हाच क्षण सगळ्यात धोक्याचा. टोक उघडं असतं ना, तेव्हाच रोग आत शिरतो. इथे जपा, अक्का." अक्काने मान डोलावली. बाहेर आलेलं पाणी कसं तपासायचं तेही शिकवलं. पिशवीखाली छापील कागद ठेवायचा; अक्षरं वाचता आली तर पाणी नितळ, नाही आली तर लगेच इस्पितळ.

अक्काने छापील कागद म्हणून लॉटरीचं जुनं तिकीट निवडलं. झालं, गावाला निमित्तच मिळालं. प्रेतं जाळणाऱ्याच्या पोटातून निघालेल्या पाण्यातून दिसलेला आकडा! यापेक्षा शुभ काय असणार? बायका सकाळी जिन्याखालून ओरडायच्या, "अक्का, आज कुठला आकडा उठून दिसला?" अक्का मनाला येईल तो ठोकून द्यायची. एकदा एकीला खरंच चार पैसे लागले आणि त्यानंतर आठवडाभर घरात पपया येत राहिल्या. बुनलायला पडेक, म्हणजे खारवून आंबवलेली मासळी, बंद, नारळपाणी तर अगदीच बंद. मूत्रपिंडाच्या रोग्याला ते विष. तो पपया बघायचा आणि दहनघराच्या पायरीवरचा तो दुसरा नारळ आठवून सुस्कारा सोडायचा.

पण पायांची सूज उतरली. तो जिना चढायला लागला. प्रेत उचलायचं काम आता तरणी माणसं करत, नारळ आणि अग्नी मात्र पुन्हा त्याच्याकडे आले. अक्का गावभर सांगत फिरली, "दारुड्याला म्हणावं, बस आता घरी!"

आणि मग एका सकाळी पिशवीखालचा आकडा दिसेना.

पाणी भाताच्या पेजेसारखं गढूळ झालं होतं. अक्काने तिकीट बदलून पाहिलं, पिशवी उजेडाला धरून पाहिली. तोवर बुनलाय पोट धरून वाकला होता. शेजाऱ्याच्या पिकअप गाडीत घालून त्याला इस्पितळात नेलं. पोटात जंतू गेले होते.

रत्तियाने खाटेशी उभं राहून विचारलं, "काय चुकलं? मास्क घातला होता ना?"

"मीच विसरलो," बुनलाय म्हणाला. "एकदा राहिला घालायचा."

अक्का पायाशी उभी होती. "खोटं बोलतोय," ती म्हणाली. "मी फुंकलं."

"काय?"

"तूच म्हणालीस ना, टोक उघडं असतं तेव्हाच रोग शिरतो. मग तिथेच राखण नको? गेले काही दिवस त्याचा चेहरा उतरला होता. म्हणून मास्क काढला, विडा तोंडात धरला आणि माझ्याकडचा सगळ्यात जबर मंत्र त्या टोकावर फुंकला. रोज. तो नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही."

खरं म्हणजे बुनलाय एकदाच नको म्हणाला होता, तेही हळू. अक्काला नाही म्हणायला तो कधी शिकलाच नव्हता.

रत्तियाचा चेहरा लाल झाला. "अक्का, तुम्ही भावाला मारायलाच निघाला होतात! तोंडात किती जंतू असतात माहितीये? आणखी एक-दोनदा असं झालं तर ही नळी काढावी लागेल. मग पिशवी बंद. मग मी काय देऊ काकांना?" बोलून झाल्यावर तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने खुर्ची ओढून अक्काला बसवलं. पण अक्का बसली नाही.

औषध पिशवीतूनच पोटात जात होतं. दिवसांमागून दिवस गेले, पाणी हळूहळू निवळलं, आणि त्या सगळ्याचा एक बातही कोणी मागितला नाही. बुनलाय वाचला. अक्का मात्र घरी आली ती तोंड शिवून. विडा सोडला. कोणाच्या पोराला भाजलं म्हणून आई धावत आली तर अक्काने दार लावून घेतलं. पिशवी जोडायला शेजारणीला बोलावलं आणि स्वतः लांब आंब्याखाली जाऊन बसली. ज्या तोंडाने पोर जगवलं त्याच तोंडाने त्याला मारत होते, हे तिच्या मनातून जाईना. बुनलायला पोटातल्या दुखण्यापेक्षा हे जास्त दुखलं.

पुढच्या अंत्यविधीहून येताना त्याने तो दुसरा नारळ घरी आणला. आंब्याखाली अक्कापुढे ठेवला.

"तुला चालत नाही ना हे?" इतक्या दिवसांत तिने त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"पिणार नाहीये. तू सांग, आपण मेलेल्याचं तोंड यानेच का धुतो?"

"कोणी शिवलेलं नसतं म्हणून. हे मला शिकवतोस?"

"मी नारळ फोडला, आणि कोणी म्हणालं, थांबा, मी आधी यात मंत्र फुंकतो. तर तू काय करशील?"

"थोबाड फोडीन त्याचं. फुंकलेलं पाणी उष्टं."

"ती पिशवी म्हणजे नारळच आहे, अक्का. बंद आहे तोवर कोणी शिवलेला नाही. आणि नळी जोडताना तो फुटलेला नारळ असतो. रत्तियाला सांगता आलं नाही, मलाही वेळेवर सुचलं नाही. तुझ्या मंत्रात खोट नव्हती. जागा चुकली."

अक्काने नारळ उचलून हातात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे बाहेरून चालेल."

"काय?"

"नारळाच्या करवंटीवर बाहेरून कोणी फुंकलं तर आतलं पाणी उष्टं होत नाही. दार लावून घे. मी दाराबाहेर बसते."

बुनलायने भीत भीत रत्तियाला विचारलं. ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "दाराबाहेरून हवं तेवढं फुंका म्हणावं, अक्का! गावाला पुरेल एवढं फुंका. फक्त दार उघडू नका, आणि दुसऱ्या कोणाला उघडू देऊ नका."

तेव्हापासून दिवसातून चार वेळा पेंगअक्का त्या बंद दारासमोर स्टूल टाकून बसायची. मास्क लावून. बाहेर मास्कची काय गरज, असं लोक विचारायचे, ती म्हणायची, "पोरगीने दिलाय, घालायला काय जातं तुमचं?" मास्कच्या आडून मंत्र पुटपुटायची, दारावर फुंकर घालायची, आणि मध्येच कोणी पाहुणा वाट चुकून आला तर त्याच्यावर असा खेकसायची की कुत्रीसुद्धा खोलीच्या बाजूला फिरकेनाशी झाली. आत बुनलायला तिचा आवाज ऐकू यायचा. पाणी पोटात उतरायचं आणि तो आवाज ऐकत तो बसायचा. या वेळा त्याला आवडायला लागल्या होत्या. पुन्हा पोटात जंतू गेले नाहीत. मंत्राने की दार बंद राहिल्याने, हा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा. आम्हाला दोन्ही हवे होते.

विहारात आपलं पुण्य दुसऱ्यांना वाटून देण्यासाठी पाणी ओततात, तेव्हा बाकीचे लोक आपल्या मेलेल्या आईबापांची नावं घेतात. बुनलायही आपल्या आईबापांची घ्यायचा, सोमलुकचं घ्यायचा, मग रत्तियाचं, मग पोस्टमनचं, आणि शेवटी म्हणायचा, "आणि ज्यांची नावं मला माहीत नाहीत त्यांना. ज्यांनी माझ्या पिशव्या भरल्या, ज्यांनी त्या पाठवायचं ठरवलं, ज्यांच्या पैशाने आल्या, त्या सगळ्यांना." अक्का कोपराने ढोसायची, "लवकर आटप, भंतेंचं जेवण निवतंय." पण तिचेही हात जोडलेले असायचे.

अशी बरीच वर्षं गेली. अक्का सत्तरी ओलांडून पुढे गेली. ती गेली तीही तिथेच, स्टुलावर, दाराला टेकून. आत बुनलायला मंत्र थांबल्याचं कळलं. नळी जोडलेली होती. त्याने दार उघडलं नाही. अक्काने घालून दिलेली शिस्त होती ती. पाणी पुरतं उतरू दिलं, टोक नीट बंद केलं, मग तो बाहेर आला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला. तिच्या तोंडावर मास्क तसाच होता.

सोमदीला निरोप धाडू का, असं कोणीतरी विचारलं. बहिणीला भावाने कसं जाळावं, हात कापतील, असं त्या माणसाचं म्हणणं. बुनलाय उठला आणि नारळ आणायला गेला.

अंत्यविधीच्या दिवशी दुपारची पिशवी बदलायची वेळ मध्येच येत होती. मोठ्या भंतेंनी आपली खोली पुसून घेतली आणि त्याला दिली. रत्तिया, आता तीही पोक्त झाली होती, दाराबाहेर उभी राहिली आणि तिने कोणाला आत जाऊ दिलं नाही. मग बुनलाय हात धुऊन दहनघरात आला. दोन नारळ आणलेले होते. त्याने पहिला फोडला, पाणी नितळ होतं. अक्काच्या कपाळावरून, गालांवरून, त्या तोंडावरून त्याने ते सावकाश ओतलं.

"अक्का," तो म्हणाला, "मान जरा इकडे कर. दारुडा नाही आलेला. मीच आहे."